हाकेवाचून सुटलेला चंद्र

चंद्र पृथ्वीभोवती का फिरतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा समजावून सांगितलं ते आमच्या आत्याला. पुढे निवृत्त होईपर्यंत शाळेत शास्त्र शिकवलं, शेकडो पोरांपुढे हाच धडा घेतला आणि बहुतेकांनी तो परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला. आत्याला मात्र तो पहिल्याच दिवशी नीट कळला. तिला तो कळला, हीच सगळी पंचाईत झाली.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो. एका खोलीत दादा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि आत्या. आत्या दादांची थोरली बहीण, ते तिला आक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती साताऱ्याकडच्या गावाहून पोराला कडेवर घेऊन मुंबईला आली ती आमच्याकडेच राहिली. पोरगा मोठा झाला तसा दादांनी त्याला आपल्याच गिरणीत चिकटवला, कापूस पिंजायच्या खात्यात. हा माझा आतेभाऊ. चाळीत आलेला पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि मला मास्तरीण म्हणून चिडवायचा, कारण मी कुणालाही काहीही समजावून सांगायला टपलेली असे. सवय काही सुटली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या वर्षी तो घरी नव्हता, क्षयाच्या इस्पितळात होता. गिरणीतला कापसाचा धुरळा छातीत बसला म्हणून आम्ही आधी काढे दिले, मग रक्त पडायला लागलं तेव्हा दादांनी उचलून नेला. डॉक्टर सुया देत होते, पण बोलताना आमच्याकडे न बघता केसपेपरकडे बघायचे. त्यावरून आईनं ओळखलं आणि मला कळलं. आत्याला कळलं नव्हतं, किंवा तिनं कळून घेतलं नव्हतं. ती म्हणायची, 'माझ्या लेकराला गिराण लागलंय. सुटंल.'

गिराण म्हणजे ग्रहण. आपण नाही का म्हणत, याच्या नशिबाला ग्रहण लागलं, तसं. पण आपण ते नुसतं म्हणतो. आत्याच्या लेखी गिराण ही एकच वस्तू होती. चंद्राला लागायचं तेच माणसालाही लागायचं, आणि सोडवायची रीतही एकच होती. ती रीत आमच्या लोकांच्या हातात होती.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चंद्राला राहू गिळतो, आणि राहू-केतू आमच्या जातीचे, असं गावानं ठरवून टाकलेलं. म्हणून ग्रहण लागलं की आमच्या माणसांनी टोपल्या घेऊन गावातून ओरडत जायचं, 'दे दान, सुटे गिराण.' लोकांनी लांबून दाणे, जुनेर टाकायचं. तेवढ्यानं राहूचं पोट भरायचं आणि तो चंद्राला सोडायचा. गिळणाराही आमचाच आणि त्याच्यासाठी भीक मागणारेही आम्हीच, अशी ही सोयीची व्यवस्था. मला आजही तिचा संताप येतो.

दादांना तर यायचाच. आदल्या वर्षी ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्यातले देवांचे टाक फडक्यात बांधले आणि वरळीच्या समुद्रात सोडले. आईनं उपास सोडले. आत्यानं काहीच कुरकुर केली नाही, उलट फडक्याची गाठ तिनंच मारली. 'एवढी वर्सं पूजलं, काय दिलं त्यांनी?' असं म्हणाली. पण ग्रहणाची हाक तिच्या मते देवाधर्मात मोडत नव्हती. ती आमच्या लोकांची कामगिरी होती. दादा पहिली पाळी करून संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जायचे, तिथून घसा बसवून यायचे. आत्या म्हणायची, 'तुझं वरडणं चालतं, आन आमचं तेवढं न्हाई?'

दिवाळी होऊन गेली होती. पेपरात एकच विषय, रशियानं आकाशात सोडलेला चंद्र. पहिला सोडला, महिन्याभरात दुसरा सोडला आणि त्यात म्हणे कुत्री बसवली. आमच्या शास्त्राच्या मास्तरांनी त्या निमित्तानं पुस्तक बाजूला ठेवून खरा चंद्र आणि खोटा चंद्र दोन्ही शिकवून टाकले. मी दहावीत होते, डोकं नुसतं भरून गेलं होतं. त्यातच कॅलेंडरात निघालं की कार्तिकी पुनवेला संध्याकाळीच ग्रहण आहे, चंद्र उगवतो न उगवतो तोच लागणार.

आत्यानं ते ऐकलं आणि जेवताना दादांना सांगितलं, 'त्या दिशी म्या जानार हाय. हाक देऊन येती.'

दादांचा घास हातातच राहिला. 'आक्का, आपण हात पसरायचं सोडलं. सगळ्या चाळीसमोर सोडलं.'

'हात कोन पसरतंय? टोपली न्हाई, पदर न्हाई. दान नगं. नुस्ती हाक देती.'

'नुसती हाक कशाला?'

'पोरगा सुटंल.'

 दादा सभेत कितीही बोलत, पण आत्यापुढे त्यांचा आवाज निघत नसे; त्यांची आई लवकर गेलेली, आत्यानंच त्यांना वाढवलेलं. धाक घालून तिला बसवणं त्यांना जमलं असतं, पण मनातून तिनं हाक देतच राहणं त्यांना नको होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'तू शिकतेस ना हे? तिला नीट समजावून सांग. घाई करू नकोस.'

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आत्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. मी कठड्यापाशी खडा घेऊन उभी राहिले आणि सुरुवात केली.

'आत्या, हा खडा हातातून सोडला तर?'

'खाली पडंल. कुनाच्या तरी टाळक्यात.'

'आणि लांब फेकला तर?'

'मैदानात पडंल.'

'त्याहून जोरानं फेकला तर?'

'समुद्रात. तुझ्या हातात येवढा जोर कुठला?'

माझ्या हातात नाही, पण समज, असं म्हणून मी पुढे गेले. जमीन सपाट नाही, गोल आहे. खूप लांब गेलं की ती खाली वळत जाते. आता खडा इतक्या प्रचंड वेगानं फेकला की तो जेवढा खाली पडतो तेवढीच जमीनही त्याच्याखालून वळते, तर काय होईल? पडतच राहील आणि टेकणार कधीच नाही. गोल गोल फिरत राहील. वाटेत वारा त्याला अडवतो म्हणून आपल्याकडे असं होत नाही, पण तिथं वर वाराच नाही, त्यामुळे वेग कमी व्हायचं कारण नाही. चंद्र तसाच आहे. पृथ्वी त्याला आपल्याकडे ओढते म्हणून तो सरळ निघून जात नाही, आणि त्याला आडवा वेग आहे म्हणून तो येऊन आदळत नाही. ओढ आणि वेग, दोन्ही मिळून फिरणं.

आत्यानं मिरच्या तशाच ठेवल्या. बराच वेळ ती खाली मैदानाकडे बघत होती. मग म्हणाली, 'म्हंजे पडतोयच की गं त्यो. फकस्त त्याला जमीन गावत न्हाई.'

मी हो म्हटलं. इतकी वर्षं शिकवूनही मला याहून सोपं वाक्य सुचलेलं नाही, म्हणून वर्गात मी तेच वापरत आले.

मग ती ग्रहणाकडे आली. मी सांगितलं, सूर्याच्या उजेडात पृथ्वीची सावली मागे लांबवर पडते. चंद्र महिन्याभरात एक फेरा मारतो, तेव्हा पुनवेला तो त्या सावलीच्या बाजूला येतो. त्याची वाट जराशी तिरकी आहे, म्हणून बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. कधीतरी नेमका सावलीतून जातो. तेच गिराण.

'सावली पडली म्हनून येवढा कालवा?' आत्या म्हणाली. 'म्हंजे चांदालाबी सावलीचा इटाळच की.'

गावात आमची सावली पडली तर लोक अंघोळ करायचे. ती हसली, मीही हसले. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच. हसू ओसरल्यावर तिनं खरा प्रश्न विचारला.

'सुटतो कसा?'

'चालत असतो ना. चालता चालता सावलीत शिरतो, चालता चालता बाहेर येतो.'

'हाक न्हाई दिली तर?'

'तरी येतो.'

'कुनीच न्हाई दिली तर? सगळ्या मुलखात?'

'तरी येतो, आत्या. त्याला ऐकूच येत नाही.'

 मला वाटलं पटलं. मग तिनं मला तिच्या लहानपणीचं सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. ग्रहणाच्या रात्री ती आईच्या मागून टोपली घेऊन जायची. एरवी गावात खाली मान घालून जायचं, पण त्या रात्री अख्खा गाव दार किलकिलं करून वाट बघत असायचा. 'आमची आई वरडत ग्येली न्हाई तवर कुनी तोंडात पाणी घालत न्हवतं. पाटलीणसुदीक. आई म्हनायची, आज चांद आपल्या गळ्यात हाय.' मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'उगंच वरडली म्हनायची.'

मी म्हटलं, उगीच. मला ते तेव्हा खरं वाटत होतं आणि आजही खरंच आहे.

पुनवेला संध्याकाळी अख्खी चाळ गच्चीवर लोटली. दादा सभेला गेले नाहीत. गिरण्यांच्या चिमण्यांच्या मागून चंद्र वर आला, आणि जरा वेळानं त्याची खालची कड काळवंडायला लागली. पोरांनी गच्ची डोक्यावर घेतली. रोज घोषणा ऐकून तयार झालेली पोरं, त्यांनी सुरू केलं, 'चंद्र सुटलाच पाहिजे.' मोठी माणसंही हसायला लागली. दादासुद्धा हसले.

आत्या एकदम पुढे गेली आणि पोरांवर ओरडली, 'गप बसा रं. कुनी आवाज करू नगा. एक शबूद न्हाई पायजे.'

पोरं दचकून गप्प झाली. मला कळेना हिला झालं काय. तेवढ्यात पलीकडच्या चाळीतली एक मालवणी काकू जिना चढून वर आली. तिच्या पदरात पसाभर तांदूळ आणि हातात जुनं लुगडं. गर्दीतून वाट काढत ती आत्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, 'बाय, आज हाक देवक कोणच येवक नाय. माझ्या सुनेक दिस गेलेत. घरात कोंडून ठेवलंय तिका. तू एकदा हाक दी गो.'

दादा जवळच होते. त्यांचा चेहरा ताठ झाला. गेल्या वर्षापर्यंत याच काकूच्या घरी आम्हाला पाणी वरून मिळत होतं. पण काकू भांडायला आली नव्हती, घाबरून आली होती.

आत्या म्हणाली, 'आता हाक लागत न्हाई. आपलं आपन सुटतंय म्हनं.'

'कोण म्हणता?'

'ही. शिकलीया.' आत्यानं माझ्याकडे हात केला. 'बघू. तूबी थांब हितंच.'

काकू तांदूळ तसेच पदरात धरून थांबली. चंद्र पुरता बुडाला आणि तांबूस झाला. मी शेजारच्या दोघींना हळू आवाजात सांगितलं की पृथ्वीच्या भोवतीच्या हवेतून थोडा लाल उजेड वाकून तिथं पोचतो. कुणी ऐकलं नाही. गच्चीवर इतकी माणसं असून खालच्या नळाचं गळणं ऐकू येत होतं. मी आत्याकडे पाहिलं, आणि मला तेव्हा समजलं की ती कसली वाट बघतेय.

चंद्र सुटू नये, याची ती वाट बघत होती. तो तसाच तांबडा, अडकून राहावा. मग सगळे घाबरले असते, दादा घाबरले असते, मी तोंडावर पडले असते, आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं असतं. मग तिनं हाक दिली असती. चंद्र सुटला असता आणि पोरगाही सुटला असता. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. दादा दीक्षा घेऊन आले त्या दिवशीही नव्हती.

खालच्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांसमोर, त्यांच्या स्वभावात नसताना. काकू हात जोडून, 'सुटलो गो बाय,' म्हणत सुनेला सांगायला खाली पळाली, तांदूळ घेऊनच.  चंद्र पूर्ण उजळेपर्यंत आत्या उभी होती. मग ती खाली उतरली आणि भाकऱ्या थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. परळहून भोईवाड्यावरून चालत जायचं, हा आमचा नेहमीचा रस्ता. आतेभाऊ खिडकीजवळच्या कॉटवर होता, इतका वाळलेला की उशीत डोकं रुतत नव्हतं. मला बघून म्हणाला, 'मास्तरीण, बघितलंस ना? आम्ही हितनं बघितलं. वॉर्डातले सगळे उठून बसले व्हते.' मग आत्याकडे वळून म्हणाला, 'आये, तू हाक दिली आसशील म्हनून म्या कान लावून व्हतो.'

वरळीची हाक तिथवर ऐकू येणार नव्हती, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. रशियाच्या चंद्राचा वेग पेपरात वाचून त्यानं मला तोंडपाठ म्हणून दाखवला होता.

'न्हाई दिली,' आत्या मोसंबं सोलत म्हणाली.

'मामांनी आडवलं?'

'न्हाई. आपलं आपन सुटतंय. हिनं दावलं मला.'

तो हसला, त्यातच खोकला आला, बराच वेळ टिकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, 'बराबर हाय तिचं. सुटतंयच आपोआप. पर तू दिली आसतीस तर बरं वाटलं आसतं.'

आत्यानं सोललेल्या फोडी त्याच्या हातात दिल्या. त्यानं एक खाल्ली आणि बाकीच्या तशाच राहिल्या. परतताना भोईवाड्याच्या चढावर ती मला म्हणाली, 'चांद चालतोय म्हनून भाईर येतो. ह्येला तर कूस बदलाया येत न्हाई.' त्यात चूक काहीच नव्हती.

ग्रहणाआधी ती रोज निघताना त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडायची. वॉर्डातल्या नर्सबाई हसायच्या, तरी मोडायची. गावाकडच्या कुठल्या तरी अंगाऱ्याची पुडी दादांना दिसणार नाही अशी तिच्या कमरेला असे. ग्रहणानंतर तिनं बोटं मोडली नाहीत. पुडी चुलीत टाकलेली आईनं पाहिली. दादांना बरं वाटलं. ते म्हणाले, 'आक्का सुधारली.' आई त्यांच्याशी त्या दिवशी बोलली नाही.

मग ती नुसती जाऊन बसायला लागली. डॉक्टर काय म्हणाले ते विचारायची नाही, औषध बदललं का ते विचारायची नाही. तो झोपलेला असला तर त्याच्याकडे बघत बसायची, जागा असला तरी तेच. दादा तिला धीर द्यायचे, नव्या सुयांबद्दल सांगायचे, कुणी बरा होऊन घरी गेला त्याचं सांगायचे. ती ऐकून घ्यायची. दादांनी तिचं एक खोटं काढून घेतलं होतं आणि त्याच्या जागी ठेवायला त्यांच्याकडे सुयाच होत्या, आणि त्या लागू पडत नव्हत्या. आपण बरोबर होतो हे दादांना शेवटपर्यंत माहीत होतं. त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

माघ महिन्यात तो गेला. सकाळी निरोप आला, दुपारी त्याला चाळीत आणला. खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, गिरणीतली माणसं गॅलरीत उभी होती. मालवणी काकूही आली होती. सगळ्या रडत होत्या, आई तर भिंतीवर डोकं आपटत होती. आत्या त्याच्या उशाशी बसली होती आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. बायका घाबरल्या. असं आत कोंडलं तर बाई जाते, असं त्यांचं म्हणणं. एकीनं तिचे खांदे धरून हलवले आणि म्हणाली, 'रड गं बाई. मोठ्यानं रड. हाक मार त्याला.'

आत्यानं मान वर केली. त्या सगळ्यांमधून तिनं मला शोधून काढलं, आणि वर्गातली मुलगी बाईंना विचारते तसं शांतपणे विचारलं, 'वरडून कुनी सुटतं व्हय गं?'

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. दादा दारात होते, तेही बघत होते.

मी म्हटलं, 'नाही, आत्या.'